डिस्कलेस आणि थिन क्लायंट : डिस्क कुठे आहे आणि काम कुठे चालते

ठाण्यात नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेला ऐरोलीच्या एका कंपनीकडून १३ जुने डेस्कटॉप मिळाले. संगणक धडधाकट होते, एक सोडला तर प्रत्येकात ४ जीबी रॅम होती; फक्त हार्ड डिस्क एकातही नव्हती. कंपन्या जुने संगणक बाहेर देताना त्यांतली माहिती फुटू नये म्हणून डिस्क आधीच काढून घेतात, तसेच इथेही झाले होते. अभ्यासिकेच्या बैठकीत ‘थिन क्लायंट करून टाकू’ असे एका दमात ठरले आणि मीही मान डोलावली. सर्व्हरसाठी लागणाऱ्या सामानाची यादी करायला बसलो तेव्हा लक्षात आले की बैठकीतल्या निम्म्या लोकांच्या मनात एक गोष्ट होती आणि उरलेल्यांच्या मनात दुसरी, आणि दोन्हींना लागणारा सर्व्हर मात्र एक नव्हता.

हा घोटाळा होतो कारण दोन वेगळे प्रश्न एकाच नावाखाली विचारले जातात. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम कुठून येते, हा पहिला प्रश्न. ती स्वतःच्या डिस्कवरून न येता नेटवर्कवरून येत असेल तर तो संगणक डिस्कलेस. वापरणाऱ्याचे प्रोग्राम कुणाच्या प्रोसेसरवर आणि कुणाच्या रॅममध्ये चालतात, हा दुसरा प्रश्न. ते सर्व्हरवर चालत असतील आणि टेबलावरचा संगणक केवळ चित्र दाखवून कीबोर्ड-माऊसच्या हालचाली पाठवत असेल, तर तो थिन क्लायंट. म्हणजे डिस्क नसलेला संगणक थिन असेलच असे नाही आणि बाजारात ‘थिन क्लायंट’ म्हणून मिळणाऱ्या डबीत छोटी फ्लॅश डिस्क बसवलेली असणे अगदी नेहमीचे आहे. डिस्कलेस असूनही सगळे काम स्वतःच करणाऱ्या संगणकाला या क्षेत्रात फॅट क्लायंट म्हणतात. नाव विनोदी आहे, पण त्यामागचा भेद खरा आहे.

या गोंधळात एलटीएसपी या नेटवर्कवरून संगणक चालवण्याच्या लिनक्स सॉफ्टवेअरचाही थोडा हातभार आहे. लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट १९९९ साली जिम मॅक्विलन यांनी सुरू केला तेव्हा तो नावाप्रमाणे टर्मिनलांचाच होता : जुने संगणक नेटवर्कवरून उठत (बूट होत) आणि प्रोग्राम सर्व्हरवर चालत. २०१९ मध्ये अल्किस जॉर्गोपुलोस यांनी तो नव्याने लिहिला आणि त्यात मुख्य पद्धत फॅट क्लायंटची ठेवली. नावात ‘टर्मिनल सर्व्हर’ तसेच राहिले, त्यामुळे आज एलटीएसपी बसवणारा माणूस थिन क्लायंट बसवत असल्याचे सांगतो आणि प्रत्यक्षात डिस्कलेस वर्कस्टेशने उभी करतो.

उठण्याची पहिली पावले दोन्हीकडे सारखीच असू शकतात, म्हणून पडद्याकडे बघून फरक कळत नाही. लॅन कार्ड पीएक्सई या नेटवर्कवरून उठण्याच्या पद्धतीने डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे आयपी पत्ता मागते, त्याच उत्तरात कोणती फाइल कुठून उचलायची हे त्याला कळते, आणि ती छोटी फाइल टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने येते. टीएफटीपी मुळात ५१२ बाइटचा तुकडा पाठवून पोचपावतीची वाट पाहतो आणि मगच पुढचा तुकडा सोडतो. त्यामुळे त्याच्याकडून फक्त आयपीएक्सईसारखा छोटा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) मागवून मोठ्या फाइली एचटीटीपीने आणणे शहाणपणाचे. नंतर कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीपुरती छोटी फाइल सिस्टिम) येतात आणि इथे वाटा फुटतात. डिस्कलेस संगणक सर्व्हरवरची स्क्वॅशएफएस इमेज (आवळून एका फाइलीत बसवलेली पूर्ण सिस्टिम) एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वापरू देणाऱ्या पद्धतीने, जोडून घेतो, तिच्यावर रॅममध्ये लिहिण्याचा एक थर पांघरतो आणि आपला डेस्कटॉप आपणच चालवतो. थिन क्लायंटला एवढ्या संसाराची गरज नसते. तो किमान सिस्टिम उठवतो आणि आरडीपी, एक्सटूगो किंवा जुनी एक्सडीएमसीपी अशा दूरचा डेस्कटॉप दाखवणाऱ्या एखाद्या पद्धतीने सर्व्हरच्या दारात जाऊन उभा राहतो.

लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो या प्रणालीच्या शब्दांनी नवख्याची हमखास दिशाभूल होते, म्हणून थोडे विषयांतर. एक्सच्या भाषेत पडदा, कीबोर्ड आणि माऊस ज्याच्या ताब्यात असतो तो ‘सर्व्हर’, आणि खिडकी उघडू पाहणारा प्रोग्राम हा त्याचा ‘क्लायंट’. त्यामुळे जुन्या थिन क्लायंटच्या मांडणीत एक्स सर्व्हर टेबलावरच्या फाटक्या संगणकात चालतो आणि आतल्या खोलीतल्या दणकट सर्व्हरवरचे प्रोग्राम हे त्याचे क्लायंट ठरतात. माहितीपुस्तिका वाचताना हे ध्यानात ठेवले नाही, तर कोणती सेटिंग कुठे करायची याचा उलटा अर्थ लागतो.

खरा फरक तारेतून काय वाहते यात आहे. थिन क्लायंटच्या तारेतून चित्र वाहते. १९२० गुणिले १०८० च्या पडद्याची एक फ्रेम २४ बिट रंगात सुमारे ६.२ एमबी होते. व्हिडिओ पूर्ण पडद्यावर, सेकंदाला २५ फ्रेमने, काहीही न आवळता पाठवायचा ठरवला तर सेकंदाला १५५ एमबी लागतील, आणि गिगाबिट तारेची कागदावरची मर्यादाच १२५ एमबी आहे. आरडीपी चित्र आवळून पाठवते म्हणून हे निभावते, पण आवळण्याचे कष्ट सर्व्हरच्या प्रोसेसरला पडतात, आणि १२ मुले १२ शैक्षणिक व्हिडिओ बघायला बसली की तो सर्व्हर धापा टाकू लागतो. उलट नुसता मजकूर टाइप करणाऱ्याला थिन क्लायंटवर फारसे काही वाहून न्यावे लागत नाही, आणि ते कामही दिवसभर जवळपास सारख्याच वेगाने चालते.

डिस्कलेसच्या तारेतून फाइली वाहतात, तेही एकदम उसळून. संगणक उठताना आणि मोठा प्रोग्राम उघडताना नेटवर्क भरून जाते, एरवी ते शांत असते, आणि व्हिडिओ जिथे बघायचा तिथल्याच प्रोसेसरवर उलगडतो. समजा एका संगणकाला डेस्कटॉप येईपर्यंत ५०० एमबी वाचावे लागले, तर १२ संगणकांचे ६ जीबी झाले; सर्व्हरची तार गिगाबिट असेल तर ते निदान ४८ सेकंदांत जातील, आणि तीच तार १०० मेगाबिटवर चालत असेल तर ८ मिनिटे लागतील.

हा हिशेब मी कागदावर केला त्याच्या आधी तो आम्हाला भोगावा लागला. नवा गिगाबिट स्विच, सर्व्हरला एसएसडी, आणि तरीही सकाळी ७ वाजता सगळे संगणक एकदम सुरू केले की मुले पुस्तक काढून वाचत बसायची. इथटूल या लिनक्सच्या आज्ञेने सर्व्हरच्या लॅन कार्डाचा वेग १०० मेगाबिट दाखवला तेव्हा आतल्या खोलीतला भिंतीवरचा आयओ बॉक्स (नेटवर्कच्या तारेचा सॉकेट) उघडला. केबलमधल्या आठ तारांपैकी नारिंगी आणि हिरव्या जोडीच्याच चार तारा ठोकलेल्या होत्या. निळी आणि तपकिरी जोडी नीट गुंडाळून मागे दडवलेली होती. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, आणि ज्याने कोणी ती तार ओढली त्याच्या काळात चार तारांत भागत असणार. त्या राहिलेल्या चार तारा पंचिंग टूलने बसवायला १० मिनिटे लागली. मुद्दा असा की सगळ्या टेबलांच्या तारा जुन्या असत्या तरी एवढे बिघडले नसते; डिस्कलेस मांडणीत सगळ्यांचा ओघ ज्या एका तारेवर येतो ती सर्व्हरची तार आधी तपासायला हवी.

रॅमचा हिशेब दोन्हीकडे अगदी उलटा आहे, आणि खरेदीची चूक इथेच होते. थिन क्लायंटमध्ये प्रत्येकाचा ब्राउझर सर्व्हरच्या रॅममध्ये असतो. फायरफॉक्सचा प्रोग्राम म्हणून असलेला भाग सगळ्यांत मिळून एकदाच साठतो हे खरे, पण उघडलेल्या टॅबांची माहिती ज्याची त्याची असते आणि जड तीच असते. माणशी दीड जीबी धरली तरी १२ जणांना १८ जीबी, वर सर्व्हरची स्वतःची गरज. म्हणजे ३२ जीबी आणि चांगल्या प्रोसेसरशिवाय सुरुवात करू नये. आम्ही उत्सुकतेपोटी आठवडाभर ८ जीबीच्या सर्व्हरवर थिनचा प्रयोग केला. मराठी टायपिंगची तयारी करणारी एक मुलगी चौथ्या दिवशी म्हणाली, ‘दादा, अक्षर मागून येतंय.’ मिनिटाला ३० शब्दांचा सराव करणाऱ्याला हा उशीर लगेच जाणवतो. नेटवर्कचा त्यात दोष नव्हता. सर्व्हरची रॅम संपून तो स्वॅप करू, म्हणजे रॅममधले काम संथ डिस्कवर ढकलू लागला होता आणि सगळ्यांची अक्षरे एकाच रांगेत उभी होती.

डिस्कलेसमध्ये तोच ८ जीबीचा सर्व्हर आरामात बसतो. इमेजचे भाग पहिल्या संगणकासाठी डिस्कवरून वाचले जातात, आणि त्यानंतर उठणाऱ्यांना बरेचसे सर्व्हरच्या रॅममधल्या कॅशेतूनच (आधी वाचलेले जपून ठेवणाऱ्या जागेतूनच) मिळतात. प्रोसेसरला फारसे काम उरत नाही. बोजा टेबलावरच्या संगणकावर पडतो : त्याच्या ४ जीबीत प्रोग्रामही राहतात आणि लिहिण्याचा थरही. ब्राउझरची कॅशे त्या थरात साठत गेली की दुपारपर्यंत संगणक गुदमरतो, म्हणून आम्ही झेडरॅम (रॅममधली माहिती आवळून ठेवण्याची सोय) चालू केले आणि ब्राउझरच्या कॅशेला मर्यादा घातली.

वीज गेल्यावर काय होते, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्याच बैठकीत विचारायला हवा, आणि इथे थिन क्लायंट निर्विवाद सरस ठरू शकतो. वाशीच्या एपीएमसीत दाणा बंदरात एका गाळ्याच्या पेढीवर मी पाच टेबले जोडून दिली आहेत. हिशेबाचे पॅकेज विंडोजवरचे असल्यामुळे ते विंडोज सर्व्हरवर चालते, टेबलांवरचे संगणक लिनक्सवर उठतात आणि आरडीपीने आत जातात. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे रिमोट डेस्कटॉपचे परवाने वेगळे घ्यावे लागतात, हे शेठना आधीच सांगितलेले बरे. सर्व्हर यूपीएसवर आहे, टेबले नाहीत. वीज जाऊन आली तर अर्धवट भरलेले बिल जसेच्या तसे समोर येते, कारण ते सत्र सर्व्हरवरच जिवंत राहिलेले असते. एक्सटूगोतही असे करता येते. एक्सडीएमसीपीत मात्र टेबलावरचा एक्स सर्व्हर मेला की सत्रही गेले, आणि त्यात पासवर्डसुद्धा उघडा जातो, त्यामुळे ती पद्धत आता कुणी नव्याने बसवू नये असे माझे मत आहे.

डिस्कलेस संगणकाची वीज गेली तर न साठवलेले काम गेलेच. सर्व्हर पडला तर मात्र वेगळी गंमत दिसते. थिन मांडणीत सर्व्हर बंद होताच सगळ्यांचे सगळे उघडे काम एका क्षणात संपते. डिस्कलेसमध्ये, एनएफएस हार्ड माउंट केलेले (सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत थांबून राहील असे जोडलेले) असेल तर, रॅममध्ये असलेले प्रोग्राम तसेच चालू राहतात, नवी फाइल मागणारा प्रोग्राम तिथेच थिजतो, आणि सर्व्हर परत उठला की तो जणू काही झालेच नाही असा पुढे चालू लागतो. वापरकर्त्याच्या होम फोल्डरसाठी एसएसएचएफएस (एसएसएचवरून फोल्डर जोडण्याची पद्धत) वापरले असेल तर एवढी सहनशीलता मिळत नाही. ती जोडणी तुटते आणि पुन्हा लॉगिन करावे लागते.

पेन ड्राइव्ह, हेडफोन आणि वेबकॅम डिस्कलेसवर साध्या संगणकासारखे चालतात, कारण तो साधा संगणकच असतो. थिनवर त्यातले प्रत्येक सर्व्हरपर्यंत वळवावे लागते. वाय-फायवरून पीएक्सईने उठवण्याच्या फंदात पडू नये. थिन क्लायंटची सिस्टिम स्वतःच्या फ्लॅशवर असेल तर तो वाय-फायवर चालतो, हा त्याचा फायदा.

देखभालीत दोन्हींची सोय जवळपास सारखी आहे. नवा प्रोग्राम एकदाच बसवायचा. फरक इतकाच की डिस्कलेसमध्ये त्यानंतर इमेज पुन्हा बनवावी लागते आणि संगणक बंद-चालू केल्यावरच तो दिसतो. सुरक्षेत मात्र डिस्कलेसवाल्याने जास्त सावध राहावे. टीएफटीपीला पासवर्ड नसतो, आणि साध्या पद्धतीचा एनएफएस समोरचा संगणक सांगेल तो वापरकर्ता क्रमांक खरा मानतो, म्हणजे त्याच स्विचला स्वतःचा लॅपटॉप लावणारा कोणीही दुसऱ्याच्या फोल्डरवर हक्क सांगू शकतो. म्हणून सर्व्हरला दुसरे लॅन कार्ड बसवून या संगणकांचे नेटवर्क वेगळे ठेवावे. त्यामुळे इंटरनेटवाल्याच्या राउटरचा डीएचसीपी आणि आपला डीएचसीपी यांची मारामारीही टळते. वेगळे नेटवर्क शक्यच नसेल तर डीएनएसमास्क हा प्रोग्राम प्रॉक्सी डीएचसीपी म्हणून चालवावा, म्हणजे पत्ते राउटर देतो आणि बूटची फाइल आपण सांगतो.

अभ्यासिकेत शेवटी १२ संगणक डिस्कलेस झाले. तेराव्यात १ जीबीच रॅम होती. आजचा ब्राउझर त्यात धड उघडतही नाही. तोही त्याच स्विचवरून, त्याच पीएक्सईने उठतो, पण त्याच्या मॅक पत्त्यावर (लॅन कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर) वेगळी सेटिंग लावली आहे, त्यामुळे डेस्कटॉप न येता थेट फ्रीआरडीपी हा आरडीपीने जोडणारा प्रोग्राम सुरू होतो आणि सर्व्हरवरची पुस्तकांची यादी उघडते. म्हणजे तो डिस्कलेसही आहे आणि थिनही. एकट्या त्याचा भार ८ जीबीच्या सर्व्हरला जाणवत नाही, आणि वीज जाऊन आली तरी अर्धवट शोधलेले पुस्तक पडद्यावर तसेच असते.