सामी : वांशिक ओळखीची जपणूक

सामी हे उत्तर युरोपातील मूळनिवासी लोक. नॉर्वे, स्वीडन व फिनलंड यांचा उत्तर भाग आणि रशियाचा कोला द्वीपकल्प एवढ्या पट्ट्यात ते पसरले आहेत. या मुलखाला ते ‘साप्मी’ म्हणतात. त्यांची संख्या साधारणपणे ८० हजार ते १ लाख मानली जाते. सर्वाधिक सामी नॉर्वेत आहेत. जुन्या पुस्तकांत त्यांना ‘लॅप’ म्हटलेले आढळते. ते शेजाऱ्यांनी दिलेले हिणकस नाव असल्याने वापरू नये.

सामी म्हटले की रेनडिअरांचा कळप डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात कळप राखणारी कुटुंबे थोडीच आहेत. किनाऱ्यावरचे सामी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगले, आणि आज कित्येक जण ऑस्लो, हेलसिंकीसारख्या शहरांत नोकरी करतात. मग सामीपण टिकते कशावर? नॉर्वेजियन मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्ये असे मांडले की, ‘आपण’ आणि ‘ते’ यांमधली रेषा टिकते तोवर गट टिकतो. रेषेच्या आतल्या चालीरीती बदलल्या तरी चालते. सामींना हे लागू पडते, पण ती रेषा राखताना त्यांनी काय सोसले तेही सांगायला हवे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९६० च्या सुमारापर्यंत नॉर्वेने सामींना नॉर्वेजियन करून टाकण्याचे धोरण राबवले. शाळांतून सामी भाषा हद्दपार झाली. मुले घरापासून दूर वसतिशाळांत ठेवली गेली. १९०२ पासून नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या फिनमार्क भागात सरकारी जमीन विकत घ्यायची तर नॉर्वेजियन लिहिता-बोलता येण्याची अट होती. मानवशास्त्रज्ञ हाराल्ड आयडहाइम यांनी १९६० च्या दशकात किनाऱ्यावरच्या वस्तीत पाहिले ते असे : घरात आपसात सामी चाललेली असे, आणि नॉर्वेजियन माणूस समोर आला की सगळे नॉर्वेजियनवर येत. पुढे अनेक आईबापांनी मुलांशीही सामी बोलणे सोडले. आपल्याला भोगावे लागले ते मुलांच्या वाट्याला येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

पेहरावाची गोष्ट वेगळी. ‘गाक्ती’ या पारंपरिक अंगरख्याचा रंग, काठ आणि फिती पाहून जाणकार माणूस गाव ओळखतो, कधी घराणेही. नॉर्वेतील काउतोकेइनो गावच्या कमरपट्ट्यावर चौकोनी बटणे असली तर व्यक्ती विवाहित, गोल असली तर अविवाहित. बायकांच्या ‘लाद्योगाहपिर’ या टोपीला मागे शिंगासारखा लाकडी उंचवटा असे. त्यात सैतान राहतो असे धर्मोपदेशक सांगू लागले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती मागे पडली. संग्रहालयांतले जुने नमुने न्याहाळून, मापे घेऊन आजच्या बायका ती पुन्हा शिवत आहेत. ‘योइक’ या गानप्रकारावरही असाच पापाचा शिक्का बसला होता. योइक माणसाविषयी गात नाहीत, त्या माणसालाच गातात. ज्याचा योइक, त्याची आठवण त्या सुरांत असते.

राजकीय जागृतीची सुरुवात ६ फेब्रुवारी १९१७ रोजी ट्रॉनहाइम येथे भरलेल्या परिषदेपासून धरतात. तिच्यामागे एल्सा लाउला रेनबर्ग यांचा पुढाकार होता. हाच दिवस आता सर्व देशांतील सामींचा राष्ट्रीय दिन आहे. खरे वळण आले ते नॉर्वेच्या उत्तरेकडील सामी मुलखातील आल्ता नदीवर बांधायच्या धरणामुळे. १९७९ मध्ये सामी तरुणांनी ऑस्लोत संसदेसमोर तंबू ठोकून उपोषण केले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सरकारच्या बाजूने लागला आणि धरण झाले. पण प्रश्न आता दडपता येईना. १९८७ मध्ये सामी कायदा झाला, १९८८ मध्ये राज्यघटनेत कलम आले आणि १९८९ मध्ये कारास्योक येथे नॉर्वेतील सामींची निवडून दिलेली सामी संसद उघडली.

या संसदेच्या मतदार यादीची अट बारकाईने वाचण्यासारखी आहे. अर्जदाराने स्वतःला सामी मानले पाहिजे. शिवाय त्याच्या, आईबापांच्या, आजीआजोबांच्या किंवा पणजीपणजोबांच्या घरात सामी बोलली जात असली पाहिजे. यादीत नाव असलेल्याच्या मुलांनाही नोंद करता येते. ज्यांची भाषा शाळेने हिरावली, त्यांना या अटीने दार उघडे ठेवले.

मात्र संसद मिळाली म्हणून जमीन सुरक्षित झाली असे नाही. नॉर्वेतील फोसेन या सामींच्या रेनडिअर-चराईच्या भागातील पवनचक्क्यांचे परवाने सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अवैध ठरवले, तरी पाती फिरतच राहिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी तरुण ऑस्लोत मंत्रालयात ठाण मांडून बसले, तेव्हा काहींनी निषेध म्हणून गाक्ती उलटी, आतली शिवण बाहेर करून घातली होती.

सामी भाषा नऊ मानल्या जातात. त्यांपैकी उत्तर सामी सर्वांत मोठी. फिनलंडमधील इनारी सामी बोलणारे जेमतेम काहीशे. तिथे १९९७ पासून ‘भाषेचे घरटे’ चालते : लहान मुलांची पाळणाघरे, जिथे मोठी माणसे फक्त इनारी सामीच बोलतात. यात मधली पिढी मात्र राहून गेली होती. म्हणून २००९-१० मध्ये प्रौढांसाठी वर्षभराचा वर्ग काढला गेला. त्याचा एक भाग म्हणून शिकणारे म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसत, सोबत कामे करत आणि भाषा उचलत.