डिस्प्रॅक्सिया: आधी शाळेत अर्ज, मग दिव्यांग प्रमाणपत्र

"वर्गात लक्ष नसते" असा शेरा डिस्प्रॅक्सिया (हालचालींचा मेळ आणि क्रम जमवणं जड जाणं) असलेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात हमखास येतो. खरं तर त्याचं बरंचसं लक्ष बाकावर सरळ बसण्यात आणि पेन्सिल सांभाळण्यातच संपलेलं असतं. पाय लोंबकळत असले की अंग सावरावं लागतं. फळ्यावरची ओळ वहीत उतरवून मान वर करेपर्यंत बाई पुढच्या गणितावर गेलेल्या असतात. म्हणून अर्ज दोन करायचे: पहिला मुख्याध्यापकांकडे, दुसरा सरकारी रुग्णालयातून मिळणाऱ्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी. पालक बहुधा दुसऱ्याच्याच मागे लागतात आणि तोवर मूल त्याच बाकावर बसून राहतं.

पहिला अर्ज साध्या कागदावर चालतो. बसायची जागा किंवा लिखाणाचं प्रमाण बदलणं मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांच्या हातात असतं, त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज नाही. बालरोगतज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (लिहिणं, बटणं लावणं अशा रोजच्या कामांचा सराव घेणाऱ्या तज्ज्ञाचा) अहवाल असला तर जोडा. "पाल्याकडे विशेष लक्ष द्यावे" एवढंच लिहिलं तर काहीही होत नाही, कारण उद्या सकाळी नेमकं काय करायचं हे बाईंना त्यातून कळत नाही. त्याऐवजी असं लिहा:

"पहिल्या रांगेत, दार-खिडकीपासून दूर जागा द्यावी. दोन्ही पाऊलं जमिनीवर टेकत नसल्यास पायाखाली पाट ठेवू द्यावा (पाट आम्ही देऊ). फळ्यावरचा मजकूर उतरवून घेण्याऐवजी झेरॉक्स द्यावी. एका वेळी एकच सूचना द्यावी. एकाच प्रकारची दहा गणितं असल्यास पाच सोडवू द्यावीत. दर वीस मिनिटांनी वह्या वाटणं, फळा पुसणं असं उठायचं काम द्यावं. सहा आठवड्यांनी आढावा घेऊ."

अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. जूनमध्ये वर्गशिक्षक बदलतात आणि जुना अर्ज फायलीतच राहतो, म्हणून दरवर्षी नवा द्यायचा.

आता प्रमाणपत्र. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या (शिकण्यातल्या ठरावीक अडचणींच्या) व्याख्येत डिस्प्रॅक्सिया नावानिशी आहे. पण गोची अशी, की प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीचा भर वाचन, लेखन आणि गणितावर असतो. नुसतं "धडपडतो, बटणं लावता येत नाहीत" एवढ्यावर ते मिळणं कठीण. हालचालीतल्या अडचणीचा लिखाणावर काय परिणाम होतो, हे कागदावर दिसायला हवं. खाजगी अहवालात फक्त 'डीसीडी' (डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, म्हणजे डिस्प्रॅक्सियाचंच वैद्यकीय नाव) लिहिलेलं असेल तर लेखनाचा वेग, अक्षर आणि फळ्यावरून उतरवणं यांबद्दल थेरपिस्टकडून स्वतंत्र परिच्छेद लिहून घ्या. हा अहवाल पूरक कागद म्हणून चालतो, प्रमाणपत्र म्हणून नाही.

2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत प्रमाणपत्रासाठी किमान वय 8 वर्षं ठेवलं आणि 14 व 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी सांगितली. त्यांतला क्रम असा होता: बालरोगतज्ज्ञ, मग बुद्ध्यांक चाचणी, आणि बुद्ध्यांक 85 च्या वर असेल तर निम्हान्सची (बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेची) अध्ययन अक्षमता चाचणी. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत ही तपासणी होते.

प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. आधार, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि सहा महिन्यांच्या आतला फोटो लागतो. आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. तपासणीच्या दिवशी बोनाफाइड, मागची प्रगतिपुस्तकं, डोळ्यांचे व कानांचे अहवाल आणि रोजच्या वह्या न्या. वह्या कच्च्याच हव्यात. घरी बसून सुवाच्य अक्षरात पूर्ण करून घेतलेली वही मुलाच्या विरोधातच जाते. चाचणी एका बैठकीत संपेल असं धरू नका. आणि मुलाला उपाशी नेऊ नका. थकलेलं मूल लक्षाच्या चाचणीत आहे त्याहून मागे दिसतं.

प्रमाणपत्राचा मोठा उपयोग परीक्षेत होतो. कायद्याच्या कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. सीबीएसईत तीन तासांच्या पेपरला 60 मिनिटं जादा मिळतात. राज्य मंडळासाठी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे वेगळा अर्ज करून पूर्वपरवानगी घ्यावी लागते. प्रमाणपत्र हातात आहे म्हणून सवलत आपोआप लागू होत नाही. फेरतपासणी आणि नववी-दहावीची नोंदणी एकमेकींवर आदळू शकतात, तेव्हा रुग्णालयाची तारीख आठवीतच मागून ठेवा.

लेखनिकाची मागणी मात्र विचार करून करा. मनातलं उत्तर क्रमाने सांगणं, विरामचिन्हं बोलून दाखवणं, आकृतीचं वर्णन करणं हे वेगळंच कौशल्य आहे, आणि डिस्प्रॅक्सियात क्रम लावणंच अनेकदा जड जातं. आठवीपासून घटक चाचण्यांत सराव झाला नसेल, तर लेखनिकापेक्षा जादा वेळच जास्त कामी येतो.