रिंगेलब्लुम संग्रह

दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधील वॉर्सा घेट्टोतल्या (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या) ज्यूंनी जर्मनांच्या नकळत जमवलेला आणि जमिनीत पुरून वाचवलेला कागदपत्रांचा संग्रह. इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लुम (१९००–१९४४) यांनी नोव्हेंबर १९४० मध्ये, म्हणजे घेट्टो बंदिस्त झाले त्याच महिन्यात, हे काम संघटितपणे सुरू केले. शनिवारी बैठका होत, म्हणून गटाने ‘ओनेग शाबेस’ (ज्यूंच्या शनिवारच्या पवित्र दिवसाचा, शब्बाथचा आनंद) हे सांकेतिक नाव घेतले. शिक्षक, पत्रकार, रब्बी, लेखक असे पन्नास-साठ जण त्यात होते.

हा संग्रह नसता, तर या वस्तीबद्दल मुख्यतः मारणाऱ्यांचेच कागद उरले असते. गटाने प्रश्नावल्या तयार करून चोरटा व्यापार, निर्वासितांची आश्रयस्थाने, स्त्रिया, मुले, उपासमार या विषयांवर माहिती गोळा केली. रोजनिश्या, पत्रे, शाळकरी मुलांचे निबंध, भूमिगत वृत्तपत्रे, शिधापत्रिका, ट्रामची तिकिटे, गोळ्या-चॉकलेटांची वेष्टने, काहीही क्षुल्लक मानले नाही. ज्यू पोलिसांची लाचखोरीही लपवली नाही, आणि संग्रहाची विश्वासार्हता बरीचशी या सचोटीवर उभी आहे. लेश्नो रस्त्यावरचे अन्नछत्र चालवणाऱ्या राखेल आउअरबाख यांनी तर लिहून ठेवले, की तिथल्या सूपने कोणालाच वाचवता आले नाही. तेच लोक फक्त थोडे उशिरा मेले.

१९४२ च्या आरंभी खेल्मनोच्या संहारछावणीतून निसटलेला एक कैदी वॉर्सात आला. बंद गाड्यांत विषारी वायूने माणसे कशी मारतात, याची त्याची जबानी गटातले हेर्श आणि ब्लूमा वासेर या दांपत्याने उतरवून घेतली. असे वृत्तांत पोलिश भूमिगत चळवळीमार्फत लंडनपर्यंत पोहोचवण्यात आले. इतिहास नोंदवणारा गट आता जगाला सावध करू पाहत होता.

२२ जुलै १९४२ पासून लोकांना त्रेब्लिंकाच्या संहारछावणीत नेणे सुरू झाले. ३ ऑगस्टला शिक्षक इस्राएल लिख्टेनश्टाइन आणि त्यांच्या दोन तरुण विद्यार्थ्यांनी पहिला भाग दहा पत्र्याच्या पेट्यांत घालून नोव्होलिप्की रस्त्यावरील शाळेच्या तळघरात पुरला. तिघांनीही आपापले मृत्युपत्र त्यात ठेवले. लिख्टेनश्टाइन यांची पत्नी, चित्रकार गेला सेक्श्टाइन हिने आपली चित्रे ठेवली; लहानग्या मार्गालितची, आपल्या मुलीची, आठवण ठेवा असे लिख्टेनश्टाइन यांनी लिहिले. दुसरा भाग फेब्रुवारी १९४३ मध्ये दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये तिथेच गेला.

मार्च १९४४ मध्ये रिंगेलब्लुम यांचे लपण्याचे तळघर उघडकीस आले. पत्नी आणि मुलासह त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. गटातले तिघेच युद्धातून वाचले: वासेर दांपत्य आणि आउअरबाख. वासेर यांनी दिलेल्या माहितीवरून सप्टेंबर १९४६ मध्ये ढिगाऱ्यातून पेट्या निघाल्या. त्यांत पाणी शिरल्याने बरीच पाने खराब झाली होती. दुधाचे कॅन डिसेंबर १९५० मध्ये बांधकाम करणाऱ्या कामगारांना सापडले. तिसरा भाग श्व्हिएंतोयेर्स्का रस्त्यावर पुरला होता असे मानतात; तो मिळालेला नाही.

यिद्दिश, पोलिश, हिब्रू व जर्मन भाषांतील सुमारे ३५,००० पाने वॉर्साच्या ज्यू ऐतिहासिक संस्थेत आहेत. १९९९ मध्ये युनेस्कोने हा संग्रह ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समाविष्ट केला.