बॅटरी गळतेय की भरतच नाही?

सकाळी दुचाकीचा सेल्फ दाबला की नुसती खटखट, हॉर्न बारीक, मीटरचे दिवे मंद. गॅरेजमध्ये यावर एक उत्तर तयार असतं: बॅटरी गेली, नवी टाका. नवी टाकली की गाडी सुरू होते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तीच खटखट. मग शिव्या बॅटरीच्या कंपनीला पडतात. पण कित्येकदा जुन्या बॅटरीत काही बिघडलेलं नसतंच. बिघाड तिच्या भोवतीच्या वायरिंगमध्ये असतो आणि नव्या बॅटरीलाही तो तसाच संपवतो.

हा बिघाड दोन प्रकारचा असतो. पहिल्यात किल्ली काढून गाडी उभी असतानाही कुठून तरी करंट वाहत राहतो. वायरिंगवाले म्हणतात, 'गाडी करंट खातेय'. दुसऱ्यात गाडी चालताना बॅटरीला परत मिळायला हवा तेवढा करंट मिळत नाही, म्हणजे 'चार्जिंग मारत नाही'. गच्चीवरची टाकी रिकामी दिसली तर नळ गळतोय की मोटर पाणीच चढवत नाही, हे आधी बघावं लागतं. टाकी बदलून काही होत नाही. बॅटरीचंही तसंच. दोन्ही बिघाडांचा शेवट त्याच खटखटीत होतो, म्हणून माणसं फसतात. पण शोधायची जागा, लागणारी मापं आणि खर्च पूर्ण वेगळे आहेत.

मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजायचा मीटर) हातात घेण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: बॅटरी उतरते ती उभ्या गाडीत की चालत्या गाडीत?

करंट गळत असेल तर रात्री घरी येताना गाडी अगदी ठणठणीत असते. उतरते ती उभी असताना, आणि जितके दिवस उभी तितकी जास्त. रोज वापरली तर कदाचित त्रास जाणवणारही नाही; शनिवार-रविवार उभी राहिली की सोमवारी सेल्फ घेत नाही. धक्का मारून सुरू केली की दिवसभर काही तक्रार नाही. चार्जिंग होत नसेल तर चित्र उलटं. चार्जरवर भरलेली बॅटरी सकाळी पहिल्या झटक्यात गाडी सुरू करते आणि मग प्रवासातच ती खचत जाते. इंडिकेटर हळू लुकलुकतो, हॉर्न बसत जातो, चहाला थांबलात की पुन्हा सुरू होत नाही. इंजेक्शनवाल्या (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत तर पेट्रोल पंप, इंजेक्टर, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) सगळंच विजेवर, त्यामुळे व्होल्टेज फार खाली गेलं की गाडी झटके देते आणि रस्त्यातच बंद पडते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटरसायकली इंजेक्शनवर गेल्या आणि अनेक मॉडेल्सवरून किकही निघून गेली. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत बॅटरी मेली तरी बहुधा किकवर घर गाठता यायचं. ती सोय गेल्यामुळे हा फरक ओळखणं आता जास्त गरजेचं झालं आहे.

मीटर नसेल तर एक रात्र पुरते. बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. निगेटिव्ह टर्मिनलची वायर सोडवून गाडी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी वायर जोडून सेल्फ मारा. जोडलेली ठेवली की सकाळी मेलेली आणि सोडवून ठेवली की ताजी, असं असेल तर गाडी करंट खाते आहे. सोडवूनही मेलेली मिळाली तर दोष बॅटरीचा स्वतःचा. वायरिंग उकलत बसू नका. दोन्ही वेळा सकाळी नीट सुरू होते पण फिरून आल्यावर दम नाही, तर चार्जिंगकडे वळा.

मल्टिमीटर असेल तर काम आणखी सोपं. साधा डिजिटल मीटर पुरतो. आधी चार्जिंग बघा, कारण ते मोजणं दोन मिनिटांचं आहे. मीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना लावा. काही तास शांत उभ्या गाडीत भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. गाडी चालवून आल्या आल्या मोजू नका, तेव्हाचा आकडा वरवर फुगलेला असतो. आता इंजिन सुरू करून ॲक्सिलरेटर द्या. चार-पाच हजार आरपीएमला (इंजिनचे मिनिटाचे फेरे) आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान चढून स्थिरावला तर चार्जिंग ठीक. इंजिन चालू असूनही तो साडेबारावरच अडकला किंवा आरपीएम वाढवल्यावर खाली आला तर चार्जिंग मारत नाही. आणि १५ च्या वर गेला तर तोही बिघाडच: बॅटरी उकळते, पाणी आटतं, बल्ब उडतात आणि शेवटी बॅटरी मरते. अशा मेलेल्या बॅटरीलाही लोक 'उतरली' म्हणतात, पण तिला जास्त भरूनच मारलेलं असतं.

इथे एका सवयीबद्दल कळकळीने सांगायचं आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून बघायचं, गाडी चालू राहिली तर चार्जिंग चांगलं, ही तपासणी आजही अनेक ठिकाणी केली जाते. कृपया ती करू देऊ नका. बॅटरी मधून निघाली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि त्यात ईसीयू, एलईडी हेडलाइट, गाडीचा मीटर काहीही जाऊ शकतं. काहीशे रुपयांचं निदान करायला जाऊन काही हजारांचा भाग घालवायचा, असा हा व्यवहार आहे.

आता गळती. ती व्होल्टवर पकडता येत नाही, करंटच मोजावा लागतो. किल्ली काढा, निगेटिव्ह टर्मिनलची वायर सोडवा. पॉझिटिव्हला हात लावू नका, पाना चेसिसला टेकला तर मोठी ठिणगी उडते. मीटरची लाल पिन दहा अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर त्या सुटलेल्या वायरच्या आणि बॅटरीच्या निगेटिव्हच्या मधोमध जोडा, म्हणजे जो करंट जाईल तो मीटरमधूनच जाईल. आकडा अगदी लहान दिसला तरच मिलिअँपिअरवर या. या वेळी किल्ली फिरवायची नाही आणि सेल्फ तर मुळीच दाबायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. काम झाल्यावर लाल पिन लगेच व्होल्टच्या भोकात परत आणा. तशीच अँपिअरला ठेवून कुणी पुढच्या वेळी बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलं तर मीटरमधून सरळ शॉर्ट होतो.

किती करंट चालतो? साध्या, घड्याळ नसलेल्या गाडीत एक मिलिअँपिअरसुद्धा जात नाही म्हटलं तरी चालेल. डिजिटल घड्याळ आणि ईसीयू असलेल्या गाडीत एक-दोन किंवा थोडे जास्त मिलिअँपिअर स्वाभाविक आहेत. किल्ली काढल्यावर काही गाड्यांचा ईसीयू थोडा वेळ जागा असतो, म्हणून पाचेक मिनिटं थांबूनच आकडा धरा. दहाच्या वर कायम राहिला तर मी शोधायला लागेन. छोट्या बॅटरीला हे किती महागात पडतं ते बघा: ५० मिलिअँपिअर गळती म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास (बॅटरीतला साठा याच मापात मोजतात). अनेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना बॅटरीच ३ अँपिअर-तासांची असते. ती अडीच दिवसांत रिकामी होते, आणि सेल्फ तर त्याच्या बराच आधी हार मानतो. हीच गळती ८ अँपिअर-तासांच्या बॅटरीत काही दिवस लपून राहते. 'मित्राच्या गाडीलाही तोच जीपीएस ट्रॅकर आहे, त्याला काही होत नाही' याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

जुने वायरिंगवाले मीटरच्या जागी बल्ब लावतात. मोठी गळती त्यात दिसते. पण दहा वॅटच्या बल्बला पूर्ण पेटायला सुमारे ०.८ अँपिअर लागतो. तीस-चाळीस मिलिअँपिअरला तो डोळाही उघडत नाही आणि 'वायरिंग ओके' असा निकाल मिळतो. टर्मिनल टेकवून ठिणगी बघण्याची पद्धतही अशीच फसवी. ईसीयूमधले कपॅसिटर भरतानासुद्धा बारीक ठिणगी पडते, गळती असो वा नसो.

गळती आहे हे कळलं की मीटर जोडलेलाच ठेवून एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजने आकडा पडला त्या लाइनवर चोर आहे. पण फ्यूजच्याही आधी बाहेरून बसवलेल्या वस्तू सुटवा, कारण बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो: थेट बॅटरीवर जोडलेला यूएसबी चार्जर, जीपीएस ट्रॅकर, अलार्म, फॉग लाइटचं रिले. दुकानात घाईने बसवताना किल्लीनंतरची (किल्ली चालू असतानाच करंट मिळणारी) लाइन शोधण्यापेक्षा सरळ बॅटरीला जोडणं सोपं पडतं. हा यूएसबी चार्जर किल्लीच्या लाइनवर हलवला की प्रश्न मिटतो. बाहेरचं काही नसेल तर इग्निशन स्विचकडे बघा. कोकणातल्या पावसात किंवा रोजच्या वॉशिंगमध्ये त्यात पाणी आणि मळ शिरतो आणि बंद स्थितीतही संपर्कांमधून थोडा करंट झिरपतो. पावसाळ्यात होतं आणि उन्हाळ्यात आपोआप थांबतं, असा अनुभव असेल तर संशय तिथे आणि ओल धरलेल्या कनेक्टरवर घ्या.

चार्जिंगच्या बाजूला तपासायच्या जागा कमी आहेत. मॅग्नेटची कॉइल, म्हणजे स्टेटर, एसी वीज बनवते. आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) तिची डीसी करून व्होल्टेज आवरतं. मग ती वायरने बॅटरीला जाते. कॉइलचा कनेक्टर सोडवून, तीन पिवळ्या वायरी असतील तर दोन-दोन वायरींमध्ये एसी व्होल्टेज मोजा. आकडा गाडीप्रमाणे बदलतो, पण आरपीएमबरोबर तो चढला पाहिजे आणि तिन्ही जोड्यांत जवळपास सारखा आला पाहिजे. इंजिन बंद करून कोणतीही पिवळी वायर आणि चेसिस यांच्यात मीटरचा बझर वाजला तर कॉइल जळून अर्थ झाली, म्हणजे चेसिसला चिकटली आहे. कॉइल चांगली निघाली तर आरआर युनिट, पण त्याआधी त्याचा कनेक्टर उघडून बघाच. वितळलेलं प्लास्टिक आणि काळ्या पडलेल्या पिना सर्रास सापडतात. नवं युनिट त्याच जळक्या पिनेवर लावलं तर तेही टिकत नाही.

कधी काहीच बिघडलेलं नसतं, फक्त हिशेब जुळत नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप पेटतो. त्यावर वीस-वीस वॅटचे दोन फॉग लाइट लावले की तीन-साडेतीन अँपिअर आणखी जातात. पुण्यातल्या सिग्नलांवर आयडलला रेंगाळणारं इंजिन तेवढं बनवत नाही. सेल्फला मात्र यात उगाच बदनाम करतात. साठ अँपिअर दोन सेकंद ओढले तरी ०.०३ अँपिअर-तासच जातात. चांगलं चार्जिंग ते दोन-तीन मिनिटांत भरून काढतं.

सगळ्यात जास्त चकवणारा बिघाड आरआर युनिटचाच. अनेक गाड्यांत त्याची वायर किल्लीतून न जाता थेट बॅटरीला येते. आतले डायोड आणि रेग्युलेटरचं सर्किट खराब झालं की दिवसा चार्जिंग कमी पडतं आणि रात्री त्याच युनिटमधून करंट उलटा गळतो. दोन्ही लक्षणं एकाच गाडीत! रात्रीच्या कसोटीत ही गाडी 'करंट खाणारी' ठरते, सगळे फ्यूज काढूनही आकडा पडत नाही, आणि वायरिंगवाला हार्नेस (गाडीतल्या वायरींचा सगळा जुडगा) बदलायचं सुचवतो. म्हणून हार्नेसला हात लावण्याआधी, मीटर निगेटिव्हवर जोडलेला असतानाच, आरआर युनिटचा कनेक्टर काढून बघा. आकडा जवळजवळ शून्यावर आला तर युनिट बदला, आणि नवं बसवल्यावर गळती आणि चार्जिंग दोन्ही परत मोजा. बॅटरी मात्र लगेच बदलू नका. आधी ती बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा, एक रात्र सुटी ठेवा आणि सकाळी सेल्फ मारताना टर्मिनलवर मीटर धरा. साधारण साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली कोसळली तर तिचं आयुष्य या सगळ्या उपाशीपणात संपलं आहे; तेव्हाच नवी आणा.