'लाय' आणि 'ले': एका रूपावर दोन क्रियापदांचा हक्क

इंग्रजीतील 'लाय' म्हणजे आडवे होणे, पडून राहणे. 'ले' म्हणजे आडवे ठेवणे, घालणे. क्रियापदे दोन आहेत, पण पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ एकच, 'ले', असल्यामुळे ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही येथे हमखास अडखळतात. 'लाय, ले, लेन' ही अकर्मकाची रूपे, तर 'ले, लेड, लेड' ही सकर्मकाची. कुत्रा काल दिवसभर ओसरीवर पडून होता, हे सांगताना 'द डॉग ले' म्हणावे लागते; कोंबडीने अंडे घातले, हे सांगताना 'द हेन लेड अ‍ॅन एग'.

हे साम्य निव्वळ योगायोगाचे नाही. जुन्या इंग्रजीत ही क्रियापदे साधारण 'लिज्जन' आणि 'लेज्जन' अशी उच्चारली जात. पहिले आतला स्वर बदलून भूतकाळ साधत असे, दुसरे शेवटी 'द'चा प्रत्यय घेत असे. त्याही आधीच्या जर्मानिक अवस्थेत, म्हणजे इंग्रजी, जर्मन वगैरेंच्या समान पूर्वज भाषेत, 'लिग्' या अंगाचे (प्रत्ययाआधीच्या मूळ रूपाचे) भूतकाळी रूप 'लग्' होते आणि नेमक्या त्याच स्वराच्या अंगाला 'य'युक्त प्रयोजक प्रत्यय लागून सकर्मक क्रियापद घडले होते. मुळातच जवळ असलेली 'लॅय' (पहिल्याचा भूतकाळ) आणि 'लेय' (दुसऱ्याचा वर्तमानकाळ) ही रूपे मध्ययुगीन इंग्रजीत स्वर मिसळल्याने पूर्ण एक झाली.

मराठी वाचकाला ही घडण परकी वाटू नये. संस्कृतातील 'सीदति' आणि 'सादयति' ही जोडी इंग्रजीतील 'सिट' आणि 'सेट' यांची थेट भावंडे आहे. धातू तोच आणि प्रयोजक प्रत्ययही मूळ इंडो-युरोपीय भाषेतून आलेला तोच. 'पतति' आणि 'पातयति' यांवरून आलेले आपले 'पडणे' आणि 'पाडणे' याच वळणाचे आहेत. त्यामुळे वाक्यात कर्म आहे का, एवढे पाहिले की 'लाय' आणि 'ले' यांतला निर्णय बहुधा आपोआप होतो.

मात्र या तर्काने सगळीच साम्ये सुटत नाहीत. 'फॉल'चा भूतकाळ 'फेल' आणि झाड पाडणे या अर्थाचे 'फेल' हे शब्द आज हुबेहूब सारखे दिसतात, पण तेथे प्रयोजक रूप भूतकाळाच्या अंगावरून आलेले नाही; दोन वेगळ्या वाटांनी आलेले स्वर शेवटी एका ठिकाणी पोचले, इतकेच.

खोटे बोलणे या अर्थाचे 'लाय' तर तिसरेच क्रियापद आहे. जुन्या इंग्रजीतील 'लेओगन' त्याचे मूळ असून तेही पूर्वी स्वर बदलून चालत असे, आज मात्र 'लाइड' असे नियमित रूप घेते. जर्मनने 'लीगन', 'लेगन' आणि 'ल्यूगन' असे तिन्ही शब्द वेगळे राखले.

'लाय'च्या जागी 'ले' वापरण्याची सवय इंग्रजीत मध्ययुगापासून आहे आणि बोलण्यात ती आजही सर्रास ऐकू येते. 'लेन' तर संभाषणातून जवळजवळ हद्दपार झाले आहे. तरीही प्रमाण लेखनात 'लाय'च्या जागी 'ले' हा वापर चूकच मानला जातो, म्हणून परीक्षेत किंवा अर्जात 'हॅज लेन' लिहिणेच श्रेयस्कर.