द्युरुफ्ले यांची ‘रेक्विएम’ : ध्वनिमुद्रणांची तुलना

फ्रेंच ऑर्गनवादक व संगीतकार मोरिस द्युरुफ्ले (१९०२–१९८६) यांनी मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनाविधीला दिलेली संगीतरचना, कृतिक्रमांक ९. रचनेचे नऊ भाग असून सादरीकरणाला सुमारे चाळीस मिनिटे लागतात. १९४१ मध्ये फ्रान्समधील व्हिशी राजवटीने (दुसऱ्या महायुद्धातील जर्मनधार्जिण्या सरकारने) द्युरुफ्ले यांच्याकडे एका संगीतकृतीची मागणी केली होती. ती पूर्ण व्हायला १९४७ उजाडले. रचना त्यांनी वडिलांच्या स्मृतीस अर्पण केली. २ नोव्हेंबर १९४७ रोजी, म्हणजे कॅथलिक पंचांगातील मृतांच्या स्मरणदिनी, रोजे देझोर्मियेर यांच्या संचालनाखाली ती पॅरिसमध्ये प्रथम सादर झाली आणि रेडिओवरून प्रसारितही झाली. द्युरुफ्ले अतिशय कमी लिहीत आणि लिहिलेले पुनःपुन्हा तपासत. त्यांच्या मोजक्या कृतींपैकी हीच सर्वाधिक गायली आणि ध्वनिमुद्रित केली जाते.

तुलना करताना पहिला प्रश्न आवृत्तीचा. द्युरुफ्ले यांनी या रचनेची तीन रूपे सिद्ध केली : १९४७ चे पूर्ण वाद्यवृंदाचे, त्यानंतर लगेच आलेले केवळ ऑर्गनच्या साथीचे आणि १९६१ चे लहान वाद्यवृंदाचे. तिसऱ्या रूपात तंतुवाद्ये व ऑर्गन आवश्यक असतात. तुताऱ्या, हार्प आणि टिंपनी ऐच्छिक. तिन्ही रूपे संगीतकाराचीच असल्याने एकाला अस्सल आणि बाकीच्यांना काटछाट मानणे चुकीचे ठरते. मात्र त्यांतला फरक कानाला लगेच जाणवतो. ‘किरिए’ या भागात आवाज एकमेकांच्या पाठोपाठ तीच चाल उचलत जातात आणि त्यांच्या वरून मूळ प्रार्थनेची चाल लांबलचक स्वरांत उमटते. पूर्ण वाद्यवृंदात ती तुताऱ्यांकडे असते, ऑर्गनच्या रूपात वादकाने निवडलेल्या नळ्यांच्या संचांवर सगळे अवलंबून राहते. त्यामुळे एका संचालकाची पूर्ण वाद्यवृंदाची तबकडी आणि दुसऱ्याची ऑर्गनची तबकडी शेजारी ठेवून कोणाचे गायन भारदस्त हे ठरवायला गेलो, तर आपण प्रत्यक्षात वाद्यमेळच मोजत बसतो.

खरी कसोटी लयीची आहे. जवळजवळ संपूर्ण रचना मृतांच्या मिस्सातील ग्रेगोरियन चालींवर, म्हणजे कॅथलिक चर्चच्या जुन्या एकसुरी प्रार्थनागीतांवर, उभी आहे. बालपणी द्युरुफ्ले रूआँ येथील कॅथेड्रलच्या गायनशाळेत होते, तेथे या चाली त्यांच्या रोजच्या गाण्यात होत्या. सोलेम येथील बेनेडिक्टाइन मठाने या चालींच्या गायनाची जी पद्धत घालून दिली, तिच्यात स्वर दोन-दोन किंवा तीन-तीनच्या गटांत मुक्तपणे वाहतात. ठरावीक अंतराने येणारा ठाशीव आघात नसतो. आपल्याकडे जात्यावरची ओवी जशी शब्दांच्या ओघाने लांबते-आखडते, तसे काहीसे. द्युरुफ्ले यांनी हा ओघ आधुनिक स्वरलेखनात बसवण्यासाठी तालाचे माप सतत बदलते ठेवले. संचालकाने प्रत्येक मापाचा पहिला ठोका दाखवला की ‘इन्ट्रोइट’ या पहिल्या भागातील पुरुषांच्या आवाजातली चाल पायऱ्या उतरल्यासारखी ऐकू येते. उलट ठोके पुसून टाकण्याच्या नादात गती फार मंदावली, तर ओळीची दिशा हरवते. बहुतेक फसलेली ध्वनिमुद्रणे या दुसऱ्या चुकीने फसतात, कारण ती ऐकायला सुंदर वाटते.

या संदर्भात संगीतकाराने स्वतः संचालित केलेल्या ध्वनिमुद्रणाला पर्याय नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस एरातो कंपनीसाठी लामुरो वाद्यवृंदासह ते झाले. एलेन बुव्हिए व झाव्हिए देप्राझ हे एकलगायक, ऑर्गनवर द्युरुफ्ले यांच्या पत्नी मारी-मादलेन. समूहगायन आजच्या मापाने गुळगुळीत नाही, आवाजांच्या कडा खरबरीत आहेत आणि ध्वनीही जुना वाटतो. तरीही गती पुढे सरकणारी आहे आणि भीतीचे क्षण खरोखर भीतिदायक आहेत. ‘दोमिने येझू क्रिस्ते’मध्ये सिंहाच्या जबड्यातून आत्म्यांना वाचवण्याची विनवणी येते, तेथे आवाज उसळतो. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण या रचनेला हळुवार म्हणून ऐकण्याची सवय जगभर रुजली आहे.

त्या सवयीमागे आधीचे फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरे यांच्या ‘रेक्विएम’ची सावली आहे. फोरे यांच्याप्रमाणेच द्युरुफ्ले यांनीही ‘दिएस इराए’ हे न्यायदिनाचे दीर्घ पद वगळून त्याची शेवटची ओळ ‘पिए येझू’ तेवढी ठेवली. दोन्ही रचना एकाच तबकडीवर येणे त्यामुळे सोयीचे ठरले. अमेरिकेत रॉबर्ट शॉ यांनी अटलांटाच्या वाद्यवृंदासह १९८० च्या दशकात केलेले ध्वनिमुद्रण अशाच जोडीचे. शॉ यांचे समूहगायन इतके एकजीव आहे की शब्द सहज कळतात आणि ‘सांक्टुस’मधला ‘होसान्ना’चा चढ हळूहळू, संयमाने बांधलेला आहे. पण अशा जोडीमुळे ऐकणाऱ्याच्या मनात दोघांचा स्वभाव एकच होऊन बसतो. द्युरुफ्ले यांचा ‘लिबेरा मे’ (‘मला सोडव’) हा भाग त्या सौम्यतेत मावत नाही.

‘पिए येझू’बद्दल मतभेद सर्वांत तीव्र असतात. येथे एकच आवाज आणि त्याच्या सोबतीला चेलो. संगीतकाराने मेझो-सोप्रानो (स्त्रीचा मध्यम पट्टीचा आवाज) सांगितली आहे, ती कारण असल्याशिवाय नाही : चाल खालच्या पट्टीत सुरू होऊन मध्यावर तीव्र विनवणीला पोहोचते आणि पुन्हा खाली उतरते. फिलिप लेजर यांच्या केंब्रिजमधील किंग्ज कॉलेजच्या ध्वनिमुद्रणात साथ ऑर्गनची आहे आणि गायिका जॅनेट बेकर. त्यांच्या आवाजात याचना आहे, दुःखाचे प्रदर्शन नाही. या भागापुरते तरी त्यांच्या पुढे कोणाला ठेवणे अवघड. अँड्र्यू डेव्हिस यांच्या १९७७ च्या ध्वनिमुद्रणात किरी ते कानावा आहेत. त्यांचा सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीचा, आवाज वरच्या स्वरांत तेजाळतो, मात्र खालच्या ओळींना हवे ते वजन मिळत नाही. म्युंग-व्हुन चुंग यांच्याकडे चेचिलिया बार्तोली गातात आणि भाग रंगमंचाच्या जवळ जातो. इंग्लंडमधील चर्चच्या गायकवृंदांत हाच भाग मुलाला देण्याची प्रथा आढळते. सेंट जॉन्स कॉलेजसाठी जॉर्ज गेस्ट यांनी १९७४ मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणात तो रॉबर्ट किंग या मुलाने गायला. पुढे तेच संचालक म्हणून नावारूपाला आले. मुलाच्या आवाजाची निर्मळता हृद्य असते, पण या ओळींमागची प्रौढ माणसाची धास्ती त्यात येत नाही.

बॅरिटोनच्या (पुरुषाच्या मध्यम पट्टीच्या आवाजाच्या) छोट्या एकलांबाबत खुद्द द्युरुफ्ले यांचे मत पुढे बदलले. त्या ओळी एकट्या गायकाऐवजी समूहातील पुरुषांनी मिळून गाव्यात, असे त्यांना वाटू लागले. असे असूनही अनेक ध्वनिमुद्रणांत नामवंत गायक दिसतात : चुंग यांच्याकडे ब्रिन टर्फेल, मॅथ्यू बेस्ट यांच्याकडे थॉमस ॲलन. बेस्ट यांचे कोरिडन सिंगर्ससह हायपेरियनसाठी केलेले ध्वनिमुद्रण १९६१ च्या रूपाचे आहे. प्रथम ऐकणाऱ्याने त्यापासून सुरुवात करावी, असे सुचवावेसे वाटते; लहान वाद्यमेळामुळे आवाजांच्या आतल्या ओळी झाकल्या जात नाहीत आणि ऑर्गनही आपल्या जागी राहतो. त्यानंतर संगीतकाराचे स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकावे. दोन्हींतला ‘लिबेरा मे’ लागोपाठ लावला, तर एकलगायकाला मिळणारी जागा किती आणि समूहाची थरथर किती, हा प्रत्येक संचालकाने आपापल्या परीने सोडवलेला प्रश्न स्पष्ट होतो.