इंडक्शनवर शिजवलेलं अन्न बाधत नाही

"इंडक्शन शेगडीची किरणं अन्नात उतरतात, कॅन्सर होतो," हा मेसेज पुन्हा फिरतोय. साफ खोटं आहे ते. काचेखालच्या तांब्याच्या कॉइलमधून साधारण 20 ते 100 किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 20 हजार ते एक लाख वेळा उलटसुलट होणारा, विजेचा प्रवाह जातो. त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पातेल्याच्या बुडातच वीज खेळते आणि बूड तापतं. शास्त्रज्ञ मायकल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं हेच तत्त्व. एवढ्या कमी वारंवारतेत अन्नातले रेणू तोडण्याची ताकदच नसते. भाजी शिजते ती तापलेल्या बुडामुळे, गॅसवर शिजते तशीच. साधं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं ठेवून बघा, बहुतेक शेगड्या नुसत्या बीप करतात. बुडाला लोहचुंबक चिकटत असेल तेच भांडं चालतं. पेसमेकर (हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र) बसवलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं आणि चालू शेगडीपासून दोन फूट लांब राहावं.